काटा चढतो, गाडी पळंना: क्लच खरंच गेलाय का?

रविवारी संध्याकाळी खुलताबादहून परत आलेल्या शेजारच्या काकांनी गाडी दारात लावली आणि चावी माझ्या हातावर ठेवली. "बघ की जरा. नुसती बोंबलतीय, पळंना." वाटेत एका गॅरेजवर दाखवून झालं होतं. तिथल्या फिटरनं एक चक्कर मारली, दोनदा दाबून रेस दिली आणि निकाल सांगून टाकला: क्लच गेला, दोन्ही प्लेटा बदलाव्या लागतील, खर्च लाखाच्या पुढं. काकांची गाडी ड्युअल-क्लच ऑटोमॅटिक, म्हणजे दोन क्लचची, गिअर स्वतःच बदलणारी. मागच्या वर्षी सोयाबीनची पट्टी हातात आली तशी सेकंड-हँड घेतलेली. लाखाचा आकडा ऐकून काकांचा चेहरा असा झाला होता, की गाडीपेक्षा त्यांनाच आधी पाणी द्यावं लागलं.

त्या फिटरला मी लबाड म्हणणार नाही. त्याचा हात मॅन्युअल गाडीवर बसलेला आहे, आणि मॅन्युअल गाडीत त्याचा निकाल बहुतेक वेळा बरोबरच निघाला असता. तिथं गिअर तुमच्या हातात असतो. चौथा टाकलाय, पाय दाबला, इंजिनाचा आवाज चढला पण वेग चढला नाही, तर मधे घसरायला क्लचशिवाय दुसरं काही नसतं. ड्युअल-क्लचमध्ये गिअर गाडीच्या मेंदूच्या हातात असतो. तो तुम्हाला न विचारता दोन गिअर खाली उतरतो, क्लच मुद्दाम अर्धवट धरतो, तापला तर सोडूनही देतो. म्हणून आरपीएमचा काटा (इंजिन मिनिटाला किती फेरे घेतं ते दाखवणारा) चढण्याची चार-सहा प्रामाणिक कारणं असतात. त्यातलं एकच कारण म्हणजे झिजलेला क्लच.

आधी आपली गाडी नक्की कोणती, ते बघा. ऑटोमॅटिक म्हणजे सगळ्या एकच नव्हेत. २०२१ साली आलेल्या स्कोडा कुशाकचंच बघा: १.५ इंजिनाला सात गिअरचा ड्युअल-क्लच, आणि त्याच गाडीच्या १.० इंजिनाला टॉर्क कन्व्हर्टरवाला, म्हणजे क्लचऐवजी तेलातून जोर पोचवणारा गिअरबॉक्स. सीव्हीटीत तर ठरलेले गिअरच नसतात. तिथं आधी आवाज चढतो आणि वेग मागून येतो, हा त्या जातीचाच स्वभाव. एएमटीत क्लच एकच, मॅन्युअलसारखा, फक्त दाबणारा पाय यंत्राचा. पुढचं सगळं ड्युअल-क्लचपुरतं आहे.

दोर एका हातात, दुसरा हात पुढं

विहिरीवर पोहऱ्यानं पाणी शेंदलंय का कधी? आमच्याकडं अजून पुष्कळांनी शेंदलेलं असतं. उजव्या हातानं दोर धरलेला असतो, सगळा भार त्याच्यावर. तेवढ्या वेळात डावा हात मोकळाच पुढं सरकतो आणि दोर पकडायला तयार होतो. मग भार डाव्यावर येतो आणि उजवा मोकळा होतो. पोहरा एकदाही न थांबता वर येत राहतो.

ड्युअल-क्लच गिअरबॉक्स असाच चालतो. एक क्लच एक, तीन, पाच, सात हे गिअर सांभाळतो. दुसरा दोन, चार, सहा. गाडी तिसऱ्यात पळत असते तेव्हा दुसऱ्या बाजूच्या शाफ्टवर चौथा आधीच टाकून ठेवलेला असतो. बदलायची वेळ आली, की पहिला क्लच सुटत जातो आणि दुसरा त्याच क्षणी धरत जातो. कल्पना तशी जुनी. फ्रेंच अभियंता अडोल्फ केग्रेस यानं ती १९३०च्या दशकाच्या शेवटी मांडली, पोर्शेनं १९८०च्या दशकात शर्यतीच्या गाड्यांत वापरली, आणि रोजच्या गाडीत ती २००३ साली फोक्सवॅगननं आणली. आपल्या छत्रपती संभाजीनगरला ही गाड्यांची भाषा परकी नाही. शेंद्र्याच्या कारखान्यात २००१ पासून स्कोडाच्या गाड्या जुळवल्या जातायत. गल्लीतल्या गॅरेजपर्यंत मात्र ती भाषा सावकाश पोचतेय.

यात दोन जाती आहेत. (डीसीए, डीसीटी, डीएसजी ही कंपन्यांनी ड्युअल-क्लचलाच दिलेली नावं.) ओल्या क्लचच्या प्लेटा तेलात बुडालेल्या असतात, उष्णता तेल वाहून नेतं. टाटा अल्ट्रोझ आणि नेक्सॉनचा डीसीए या जातीचा. कोरड्या क्लचला फक्त हवा. ह्युंदाई व्हेन्यूच्या १.० टर्बोचा डीसीटी आणि कुशाक-स्लाव्हियाचा सात गिअरचा डीएसजी कोरड्यातले. कोरडा हलका, इंधनाला बरा, पण मे महिन्यातल्या बेचाळीस अंशांत जालना रोडच्या गर्दीत त्याचे हाल जास्त होतात.

आता 'घसरणं' म्हणजे काय, ते दोरावरच बघू. भार असलेल्या हातातून दोर सटकला, तळहाताला चटका बसला, ते खरं घसरणं. मोकळा हात दोरावरून पुढं सरकला, ते घसरणं नव्हे. ही एक गोष्ट ध्यानात ठेवा, पुढं स्कॅनरपाशी तिची गरज पडणार आहे.

शिवाय मुद्दाम घसरवणंही असतंच. थांबलेली गाडी निघते तेव्हा इंजिन हजाराच्या आसपास फिरत असतं आणि चाकं शून्यावर असतात. हा फरक कुणीतरी खाल्ला पाहिजे, तो क्लच खातो. दहा-पंधराच्या वेगापर्यंत पहिल्या गिअरमधलं घसरणं म्हणजे गाडीचं रोजचं काम. सिग्नलवरून निघताना काटा पंधराशेवर जाऊन थबकला आणि गाडी मागून आली, म्हणून क्लच गेला म्हणायचं असेल, तर शोरूममधल्या नव्या गाडीचाही गेलेला आहे.

पाचवीचं त्रैराशिक

क्लच पूर्ण धरलेला असला, की इंजिन आणि चाकं यांच्यात फक्त दाते उरतात. दाते घसरत नाहीत. म्हणजे एका गिअरमध्ये आरपीएम आणि वेग यांचं गुणोत्तर पक्कं. चौथ्या गिअरमध्ये ४० च्या वेगाला समजा १५०० आरपीएम दिसले, तर ६० ला २२५० आणि ८० ला ३००० दिसलेच पाहिजेत. पाय हळू दाबा की जोरात, हिशोब बदलत नाही. ६० ला काटा एकदम २९०० वर उडाला आणि मग रेंगाळत २२५० कडं परत आला, तर मधले साडेसहाशे फेरे क्लचनं गिळले. ते खरं घसरणं. स्पीडोमीटर दोन-चार किलोमीटर जास्त दाखवतो म्हणून अडत नाही, कारण आपण त्याची तुलना त्याच्याशीच करतोय.

ही परीक्षा घ्यायची ती मॅन्युअल मोडमध्ये, म्हणजे गिअर आपण धरून ठेवायचा. सरळ, मोकळा, कोरडा रस्ता हवा, गाडी नीट गरम झालेली हवी, आणि शेजारी मोबाइलवर मीटरचं चित्रीकरण करणारा माणूस हवा. चालवणाऱ्यानं रस्ता बघायचा, काटा नाही. घरी येऊन व्हिडिओ थांबवत थांबवत आकडे लिहून काढायचे. मी आणि काका सकाळी सहाला शेंद्र्याच्या पुढं करमाडच्या दिशेनं गेलो होतो. काकू म्हणाल्या, एवढ्या सकाळी तर कधी पेरणीलाही उठला नाहीत.

एक खोच आहे. ॲक्सिलरेटर तळाला टेकवू नका, पाऊणच दाबा. बऱ्याच गाड्यांत पेडल तळाला गेलं, की मॅन्युअल मोडमध्येसुद्धा गाडी स्वतःहून गिअर उतरवते. मग काटा उडतो आणि आपण उगाच क्लचला दोष देतो. म्हणून व्हिडिओत गिअरचा आकडाही दिसला पाहिजे.

घसरणं पकडायचं तर वरच्या गिअरमध्ये पकडा. पाचवा किंवा सहावा, वेग साठ-सत्तर, थोडी चढण आणि पाय पाऊण दाबलेला. हल्लीच्या टर्बो पेट्रोल इंजिनांचा सगळा जोर खालीच असतो, कुशाकचं १.५ टीएसआय इंजिन २५० न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर) १६०० आरपीएमपासूनच देतं, आणि त्याच्या कोरड्या क्लचच्या गिअरबॉक्सची मर्यादाही तेवढीच, २५०. म्हणजे वर शिल्लक काही नाही. अशा इंजिनाचं सॉफ्टवेअर कुणी 'रिमॅप' करून जोर वाढवला असेल, तर चांगला क्लचही मधल्या आरपीएमला घसरू लागतो. सेकंड-हँड गाडीत हा प्रश्न आधी विचारा. विकणारा सांगेलच असं नाही, पण विचारा.

चाक फिरणं आणि क्लच घसरणं यांचीही गल्लत होते. पावसाळ्यात काळ्या रानाच्या कडेला चिखलात चाक जागेवर फिरलं, तर स्पीडोमीटरही काट्याबरोबर चढतो, कारण तो वेग चाकांवरूनच मोजतो. क्लच घसरला तर आरपीएम एकटाच चढतो.

सम की विषम?

या गिअरबॉक्सचा एक गुण मला फार आवडतो: तो स्वतःच साक्ष देतो. एकच परीक्षा तिसऱ्या-पाचव्यात घ्या, मग चौथ्या-सहाव्यात घ्या. पाचव्यात काटा उडतो, चौथ्या-सहाव्यात हिशोब चोख, तर विषम गिअरचा क्लच संशयित. उलट असेल तर समचा. दोन्हीकडं सारखंच घसरत असेल, तर दोघांना मिळून जे लागतं तिकडं बघा: तेलाचा दाब, ओल्या क्लचचं जुनं किंवा चुकीचं तेल, तापलेला गिअरबॉक्स, किंवा गाडीच्या मेंदूत चुकीचं नोंदलेलं क्लचच्या पकडबिंदूचं, म्हणजे क्लच जिथं धरायला लागतो त्या जागेचं माप.

समजा तिसऱ्यात काटा सुटतो, पण पाचव्यात आणि सातव्यात सुटत नाही. हे क्लचचं लक्षण नाही. हात तोच आहे, आणि झिजलेला क्लच आधी वरच्या गिअरमध्ये हार मानतो, खालच्यात नंतर. तेव्हा पाचव्यात घसरतो पण तिसऱ्यात नाही, हे सुरुवातीच्या झिजेला शोभतं. तिसऱ्यात घसरतो पण पाचव्यात नाही, हे शोभत नाही. तिथं तिसरा गिअर नीट बसत नसेल, त्याचा फोर्क (गिअर ढकलणारा) किंवा सिंक्रो (वेग जुळवून गिअर बसवणारा) गेला असेल, किंवा गिअरची जागा सांगणारा सेन्सर खोटं बोलत असेल. अशा वेळी काटा न्यूट्रलमध्ये उडावा तसा सरळ वर जातो.

रिव्हर्सही साक्षीदार आहे, पण आपली गाडी बघून. फोक्सवॅगन-स्कोडाच्या कोरड्या सात गिअरवाल्यात रिव्हर्स सम गिअरच्या क्लचवर असतो. जुन्या ओल्या सहा गिअरवाल्यात विषमच्या.

मेकॅट्रॉनिक्स, म्हणजे गिअरबॉक्सचा मेंदू आणि त्याचे तेलाचे हात-पाय, बिघडलं तरी लोक 'क्लच गेला' म्हणतात. दाब सुटला, की गाडी चालता चालता जोर सोडते, मीटरवर गिअरचा दिवा चमकतो, आणि गाडी अर्ध्याच गिअरवर, नुसत्या समवर किंवा नुसत्या विषमवर, कशीबशी घरी आणते. २०१३ साली फोक्सवॅगननं जगभरात सुमारे सोळा लाख गाड्यांच्या सात गिअरवाल्या गिअरबॉक्समधलं सिंथेटिक तेल काढून खनिज तेल भरलं, कारण उष्ण-दमट हवेत त्या तेलामुळं विजेचा बिघाड होऊ शकत होता. त्याचा क्लचच्या झिजेशी काही संबंध नव्हता.

स्कॅनर लावला म्हणजे झालं असं नाही

गाडीच्या तपासणीच्या सॉकेटला लावायचा, हजार रुपयांच्या आतला ब्लूटूथ डोंगल मोबाइलवर इंजिनाचा आरपीएम आणि वेग दाखवतो. त्रैराशिकाला तेवढं पुरतं. गिअरबॉक्सच्या पोटातलं बघायला त्या कंपनीचा, किंवा त्या गाडीला ओळखणारा स्कॅनर लागतो. त्यात इंजिनाचा आरपीएम, दोन्ही शाफ्टचे वेगवेगळे आरपीएम आणि क्लचचं तापमान दिसतं. इंजिनाचा आरपीएम वजा शाफ्टचा आरपीएम, ही झाली घसरण.

पण कोणत्या शाफ्टचा? गाडी चौथ्यात २००० आरपीएमवर पळतेय, सम शाफ्टही २००० दाखवतोय, आणि विषम शाफ्टवर पाचवा आधीच टाकून ठेवलाय म्हणून तो समजा १५५० दाखवतो. नवखा माणूस ओरडतो: साडेचारशेची घसरण! अहो, तो मोकळा हात आहे, दोरावरून पुढं सरकलेला. भार त्याच्यावर नाहीच. गाडीला वेग कमी होणार असं वाटलं, तर त्याच शाफ्टवर तिसरा टाकलेला असतो आणि मग तो इंजिनापेक्षाही जोरात फिरताना दिसतो. जो क्लच त्या घटकेला धरलेला आहे, त्याच्याच शाफ्टचा हिशोब घ्यायचा.

स्कॅनरवर 'पी०७३०' हा बिघाडाचा कोड आला, तरी त्याचा अर्थ 'क्लच बदला' असा नसतो. गिअरचं गुणोत्तर जुळत नाही, एवढंच तो म्हणतो. का जुळत नाही, ते माणसानं शोधायचं.

काकांच्या गाडीत काय निघालं

तिसरा, चौथा, पाचवा, सहावा, सगळ्यांत हिशोब चोख. पंचवीस-पन्नास फेऱ्यांचाही फरक नाही. क्लच धरत होता. मग मोड परत 'डी'वर टाकला आणि एका ट्रॅक्टरला ओव्हरटेक करायला काकांनी दाबलं, तसा तोच प्रकार: आवाज चार हजारांवर आणि गाडी जागची हलायला तयार नाही. व्हिडिओत मात्र स्पष्ट दिसलं, की गिअर सहावरून तीनवर आला होता, आणि चार हजार हे तिसऱ्याच्या हिशोबात बरोबर होते.

म्हणजे प्रश्न असा उरला, की तिसऱ्यात चार हजारांवर गाडी उठत का नाही? ते इंजिनाचं दुखणं. बोनेट उघडून इंजिन चालू ठेवलं आणि रेस दिली, तसा टर्बोकडून इंटरकूलरला (दाबलेली हवा गार करणाऱ्या जाळीला) जाणाऱ्या रबरी नळीपाशी सुस्कारा ऐकू आला. नळीच्या जोडावर तेलकट थर आणि खालच्या बाजूला बोटभर चीर. टर्बोनं दाबलेली हवा तिथून निसटत होती, म्हणून जोर कमी. जोर कमी म्हणून काका जास्त दाबायचे. जास्त दाबलं म्हणून गाडी गिअर उतरवायची. गिअर उतरला म्हणून आरपीएम ओरडायचा. चारही कड्या जुळल्या, की वरून दिसायला हुबेहूब क्लच घसरल्यासारखं. नळी आणि दोन क्लॅम्प बदलले. जेवायच्या वेळेपर्यंत काम संपलं.

"पण घाटात तर गाडी थरथरत होती," काका म्हणाले. तेही खरंच होतं, आणि ते दुसरंच दुखणं होतं. दोन तक्रारी एका श्वासात सांगितल्यामुळंच फिटरचा गोंधळ झाला, असं माझं मत. रविवारी दौलताबादच्या किल्ल्यापाशी रस्ता जुन्या वेशीतून जातो आणि एका वेळी एकच गाडी निघते. पुढं खुलताबादच्या चढावर भद्रा मारुतीची गर्दी. त्या रांगेत काका ब्रेक न दाबता, ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरत होते, बोटभर पुढं, बोटभर मागं. अशा वेळी क्लच सतत अर्धवट धरलेला राहतो आणि तापत जातो. तापलेली कोरडी प्लेट धड धरत नाही, धड सोडत नाही, म्हणून थरथर. आणखी तापला तर गाडी स्वतःच इशारा देते किंवा क्लच सोडून देते. बाजूला थांबून गार होऊ दिला, की बहुतेक वेळा थरथर जाते. काकांचीही घरी येईपर्यंत गेली होती.

उपाय फुकटचा आहे: ब्रेक पूर्ण दाबा, तेव्हा क्लच जवळजवळ मोकळा होतो आणि तापत नाही. पुढच्या गाडीला दोन-तीन गाड्यांएवढी जागा करू द्या, मग एकदमच पुढं जा. हंगामात ऊसाच्या दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरमागं चढावर रांगताना हेच करायचं. थंड असतानाही गाडी थरथरत असेल, तर मात्र प्लेटेची झीज, तेल लागणं किंवा पकडबिंदूची नव्यानं नोंद या दिशेनं तपास हवा.

आणि खरंच गेला असेल तर? जालन्याच्या एका शिक्षकांच्या गाडीत तसंच निघालं. पाचव्यात आणि सातव्यात काटा उडायचा, समचे गिअर ठणठणीत. गिअरबॉक्स उतरवला तर विषमच्या प्लेटेला तेल लागलेलं. गॅरेजवाला नवा क्लच बसवायच्या बेतात होता. मी विचारलं, तेल आलं कुठून? इंजिनाच्या क्रँकच्या (मुख्य फिरत्या दांड्याच्या) मागच्या ऑइल सीलमधून येत होतं, आणि त्या सीलला कुणी हातच लावलेला नव्हता. ते तसंच ठेवून नवा क्लच बसवला असता, तर वर्षभरात त्याचीही तीच गत झाली असती. काढलेली प्लेट मागून घ्या, हातात धरून बघा: तेलकट आहे, निळसर जळालेली आहे, की नुसती झिजलेली आहे, यावरून पुढचं ठरतं. जोड बसवून झाल्यावर स्कॅनरवरून गिअरबॉक्सला नव्या क्लचची ओळख करून द्यावी लागते, नाहीतर तो जुन्याच मापानं धरत राहतो आणि नवी प्लेटही घसरल्यासारखी वागते. हे राहिलं म्हणून 'नवीन टाकला तरी तसंच' म्हणत परत आलेल्या गाड्या मी पाहिल्यात. शिक्षकांच्या गाडीला आधी सील बसलं, मग क्लच, मग स्कॅनरवरची ओळख झाली, आणि दुसऱ्या दिवशी मंठा रोडवर पाचव्या गिअरचा व्हिडिओ काढून त्यांनी स्वतःच त्रैराशिक मांडलं. गणिताचेच शिक्षक ते. आकडे दशांशात पाठवले.